गृहीत रस्ते

"साहेब, तुमची गल्ली जास्त भरलीय," असं म्हणून ज्युनिअरने कागद त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तो चष्मा पुसत होता आणि मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होता. वाक्य काही केल्या जुळत नव्हतं. संध्याकाळच्या बसने वहिनी जाणार होती. चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. पुतणीला दिवस गेले होते, तिला आईची गरज होती, आणि तिने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं की आता काकांनी आईला सोडावं, पुष्कळ वर्षं ठेवून घेतलं. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. दादा गेल्यावरही वहिनी इथेच राहिली हेच जास्त होतं. पण ती जायच्या आधी तिला काहीतरी सांगायला हवं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि आठवडाभर दाढी करताना, बसमध्ये, टेबलावर तो ते काहीतरी शोधत होता. 'वहिनी, तू माझ्यासाठी' इथपर्यंत वाक्य धडपणे यायचं आणि पुढे निरोपसमारंभातल्या भाषणासारखं व्हायचं. मग तो ते खोडायचा. आता समोर कागद होता आणि त्यावर त्याच्या स्वतःच्या गल्लीचं नाव होतं, आणि नावापुढचा आकडा त्याने धरलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त होता. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, तरी आकडा तेवढाच राहिला. "यंत्र चुकलं असेल," तो म्हणाला. ज्युनिअरने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

त्याचं खातं शहरातल्या रस्त्यांवरची रहदारी मोजायचं. मोठ्या रस्त्यांचं सोपं असतं. तिथे बारा महिने यंत्रं असतात. मधल्या रस्त्यांवर दोन-तीन दिवस रबरी नळी आडवी टाकतात, चाक नळीवरून गेलं की हवेचा दाब बसतो आणि डब्यात नोंद होते, मग त्या दोन-तीन दिवसांवरून वर्षाचा हिशेब बांधायचा. राहिले गल्लीबोळांतले राशीभर रस्ते. शहर म्हणजे खरं तर तेच, पण ते सगळे मोजत बसायचे तर खात्याला दुसरा जन्म घ्यावा लागेल. म्हणून ते मोजत नाहीत, धरतात. गल्लीत घरं किती, ती आरपार आहे की पुढे बंद, जवळ दुकानं आहेत का, एवढं बघून एक आकडा धरायचा आणि त्यापुढे लिहायचं 'गृहीत'. खात्याच्या बोलीत अशा रस्त्यांना गृहीत रस्तेच म्हणतात. बंद गल्लीसाठी दर घरामागे किती फेऱ्या धरायच्या, ते गुणोत्तर त्यानेच पूर्वी बसवून दिलं होतं आणि आजवर त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'अंदाजे' म्हणायची त्याला सवय, त्यामुळे खात्यात त्याचं नाव अंदाजे साहेब पडलं होतं, आणि नव्याने आलेल्या माणसांना ते आडनावच वाटायचं. ज्युनिअरने पहिल्या आठवड्यात त्याला अर्ज लिहिला तोही 'श्री. अंदाजे यांस' असा. तो अर्ज त्याने हसत हसत मंजूर केला होता. दर काही वर्षांनी या गृहीत रस्त्यांतले थोडे चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि खरोखर नळी टाकून मोजायचे, म्हणजे आपण धरलेलं बरोबर आहे का ते कळतं, अशी पद्धत होती. यंदा चिठ्ठीत त्याची गल्ली निघाली होती. जाता-येता आठवडाभर त्याने स्वतः त्या नळीवर पाय दिला होता, आणि यात बघायचं ते काय, असंच त्याला वाटलं होतं. त्या गल्लीत तो अर्धं आयुष्य राहिला होता. सकाळी माणसं कामाला जातात, संध्याकाळी येतात. मधे तिथे चिटपाखरू नसतं.

पण ज्युनिअरने नळी तपासली होती, डबा बदलून पाहिला होता, आणि आकडा तिथेच होता. गंमत म्हणजे सगळी गर्दी दुपारची होती. त्याला उगाचच राग आला, यंत्राचा नव्हे, कुणाचा ते कळेना. कुणीतरी आपल्या घरात आपल्या माघारी येऊन बसतंय असं काहीसं वाटलं. मी जाऊन हातमोजणी करतो, तो म्हणाला, आणि ज्युनिअर म्हणाली, साहेब तुम्ही कशाला, मी जाते. त्यावर तो म्हणाला की माझी गल्ली आहे, अंदाजे मला ठाऊक आहे ती. बसमध्ये त्याच्या डोक्यात पुन्हा ते वाक्य सुरू झालं. 'आभार' हा शब्द त्याने आधीच बाद केला होता. आभार व्यासपीठावर मानतात, पाहुण्यांचे मानतात, ज्यांनी वेळात वेळ काढला त्यांचे मानतात. घरच्या माणसाचे आभार मानले की तो क्षणात परका होतो. त्याच्या आणि आपल्यामधे एक टेबल येऊन बसतं. त्याची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि सुट्टीत आली तेव्हा पाण्याचा पेला हातात घेऊन वहिनीला 'थँक यू काकू' म्हणाली होती, तर वहिनी म्हणाली, "अगं, मी काय हॉटेलात कामाला आहे?" आणि दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. तो मात्र तेव्हा हसला नव्हता. मुलीला निदान तोंड उघडता आलं, हे त्याला जाणवलं होतं. भाषेत एवढे शब्द, आणि ज्या माणसाला सगळ्यात जास्त सांगायचं त्याच्यासाठी एक नसावा, हे त्याला बसच्या खिडकीशी बसून फार अन्यायाचं वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी, आपल्या घरापासून थोडं अलीकडे, समोरच्या बाजूला एक बुटकी भिंत होती. तिथे झाडाच्या तुटपुंज्या सावलीत तो बसला आणि मोजणीचं बटण मुठीत धरलं. गाडी गेली की अंगठा दाबायचा. मोजणाऱ्याने कुणाशी बोलायचं नसतं, ओळख द्यायची नसते, आणि गाडी का आली हे तर विचारायचंच नसतं. आली की टिक, गेली की टिक. हे त्याला फार लहानपणापासून जमत होतं. आई गेल्यावर घरात वडील, दादा आणि तो एवढेच उरले, आणि दोघे कामावर गेले की शाळेतून येऊन तो त्या जुन्या घराच्या पायरीवर बसायचा आणि रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा. मोजत राहिलं की घर मागे आहे आणि त्यात कुणी नाही हे विसरता यायचं. मग दादाचं लग्न झालं. वहिनी आली तेव्हा तो चौथीत होता, गुडघे फुटलेले, नाक वाहतं, आणि तिने पहिल्याच दिवशी त्याला 'भाऊजी' म्हटलं. नुसतं भाऊजी नाही, अहो-जाहो. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, तुम्ही दात घासलेत का?" गल्लीतली पोरं हसून लोळायची. त्याला मात्र आतून काहीतरी ताठ झाल्यासारखं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी 'तुम्ही' म्हणत होतं. तो तिला तू म्हणायचा, ती त्याला तुम्ही, आणि हे उलटं गणित पुढे कधी सुलट झालंच नाही. त्याच्या लग्नात बायकोच्या माहेरची माणसं याला हसली होती. तर ही वहिनी काम आवरून पायरीवर त्याच्या शेजारी येऊन बसायची. आत चल, ऊन आहे, गाड्या काय मोजतोस, असं तिने कधी म्हटलं नाही. ती विचारायची, किती झाल्या? आणि एकदा म्हणाली, "मोजून दमता कशाला, भाऊजी? डोळे मिटा आणि सांगा, आता कुठली येईल." तिला आवाजावरून कळायचं. हा ट्रक, हा भरलेला, हा रिकामा, ही सायकल, हिची साखळी सैल आहे. काही दिवसांनी त्यालाही कळायला लागलं. पुढे कॉलेजात प्राध्यापकांनी फळ्यावर अंदाजशास्त्र का काय ते लिहिलं, तेव्हा वर्गात त्याला एकट्यालाच वाटलं होतं की हे तर घरचंच आहे.

मुठीतलं बटण टिकटिकत होतं. पहिल्यांदा कुरिअरवाला आला. त्याने गल्लीत दुसरीकडे कुठे बघितलंही नाही; सरळ त्याच्याच फाटकाशी मोटरसायकल लावली, वहिनीच्या हातात तीन-चार खोकी दिली आणि गेला. खोकी आपली नाहीत हे त्याला माहीत होतं; आपल्याकडे कोण काय पाठवतंय. मग दुसरा कुरिअरवाला. मग पाण्याचे जार आणणारा टेम्पो, त्याने अख्ख्या गल्लीचे जार याच्या व्हरांड्यात उतरवले आणि वहिनीने बोटाने दाखवलं तसे ओळीने लावले. शाळेची व्हॅन आली. तिच्यातून पलीकडच्या घरातल्या दोन मुली उतरल्या आणि स्वतःच्या घरासमोरून चालत जाऊन याच्या घरात शिरल्या, चपला भिरकावून, जशा काही तिथेच राहतात. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा कुठूनतरी टॅक्सीने परतले, त्यांचं हल्लीच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. टॅक्सी त्यांच्या दारी न जाता याच्या दारी थांबली, ते व्हरांड्यातल्या खुर्चीत मान मागे टाकून बसले, आणि वहिनीने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. टॅक्सी तोवर उभी होती. नंतर स्कूटरवरून एक बाई आली, तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती हेल्मेट न काढताच फाटकापाशी काहीतरी बोलत राहिली, मग काच वर करून तिने डोळे पुसले, वहिनीने दिलेलं पाणी प्यायली आणि स्कूटर वळवून निघून गेली. ती गेल्यावर किती तरी वेळाने त्याच्या लक्षात आलं की तिच्यासाठी बटण दाबायचं राहिलं. त्याने ते दोनदा दाबलं, येतानाचं एक आणि जातानाचं एक.

गल्लीत बाकी कुठेही काही हलत नव्हतं. दारं बंद, पडदे ओढलेले. त्याने धरलेली गल्ली जशी असायला हवी तशीच होती, फक्त एक फाटक सोडून. त्याचं गुणोत्तर दर घरामागे होतं. दर माणसामागे ते कुणी बसवलंच नव्हतं, आणि एकाच माणसामुळे रस्त्याची रहदारी दुप्पट होते हे कुठल्या पुस्तकात लिहिलं असणार? त्याला हसू आलं. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा व्हरांडा स्वच्छ असायचा, खोकी ज्याच्या त्याच्या घरी गेलेली, मुली गेलेल्या, आणि वहिनी विचारायची, "आज किती झाल्या, भाऊजी?" तो खात्यातलं काहीबाही सांगायचा. तिच्या किती झाल्या हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं, आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलं नसणार. त्याला एकदम शाळेतली ती सभा आठवली. पालकांना बोलावलं होतं, आणि वडिलांना कामावर दुपारची पाळी होती म्हणून वहिनी आली, विशीतली, अंगाने काटकुळी, बाकीच्या बायकांत वरच्या वर्गातली मुलगी वाटावी अशी. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आई का नाही आली?" तो तिच्या मागे उभा होता आणि आता जमीन दुभंगली तर बरं असं त्याला झालं होतं. वहिनी म्हणाली, "आलेय ना." एवढंच. बाई मग अक्षर सुधारायला हवं म्हणाल्या. परत येताना तिनेही तो विषय काढला नाही, त्यानेही नाही, आजतागायत नाही. भिंतीवर बसल्या बसल्या त्याला वाटलं, आपल्याला जे मिळालं ते मोजायला बसलो तर या बटणाचे आकडे पुरायचे नाहीत, आणि एवढं असून आपण किती सुखाने जगलो, रोज सकाळी पाय खाली टेकवला की जमीन असणारच अशा खात्रीने. त्याला अपराधी वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, पण त्याहून जास्त त्याला श्रीमंत वाटत होतं. ऊन त्याच्या बुटांपर्यंत आलं तरी त्याने पाय मागे घेतले नाहीत.

ज्युनिअरचा फोन आला. आज आकडे वर पाठवायचे होते. तो म्हणाला, यंत्र बरोबर आहे, यंत्राचाच आकडा ठेव. ती म्हणाली, साहेब, एवढी वाढ दिसली की कारण द्यावं लागतं, रकान्यात काय लिहू? त्याने बटणावरचा आकडा पुन्हा पाहिला. आजचा आकडा खरा होता आणि उद्या तो खोटा होणार होता, हे त्याच्याशिवाय शहरात कुणाला ठाऊक नव्हतं. प्रामाणिकपणे बघितलं तर ही गल्ली नमुन्यातून काढून टाकायला हवी होती. पण तो हेही जाणून होता की नमुन्यातला आकडा गुणोत्तरात शिरतो, आणि गुणोत्तर शहरातल्या सगळ्या बंद गल्ल्यांना लागतं. म्हणजे आता जिथे कधीच नळी पडणार नाही अशा प्रत्येक गल्लीत थोडी जास्त रहदारी धरली जाईल, अगदी केसभर, आणि ती केसभर वहिनी असेल. आणि कुणी सांगावं, त्या प्रत्येक गल्लीत एखाद्या फाटकाशी कुणीतरी खोकी घेत असेलही, डोळ्यांत थेंब घालत असेलही. आपण आजवर ते धरलंच नव्हतं. मग चूक आजच्या आकड्यात नव्हती, आधीच्या सगळ्यांत होती. "स्थानिक कारण, असं लिही," तो म्हणाला. खात्यात हे गटार फुटलं किंवा मांडव पडला की लिहायचे शब्द होते. ज्युनिअर हसली असावी, पण तिने लिहून घेतलं.

तो घरात शिरला तेव्हा मुली आपल्या घरी गेल्या होत्या. बायको कामावरून परस्पर बसस्टँडवर येणार होती. वहिनी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली होती, पायाशी बॅग, मांडीवर पर्स, अंगावर शाल, निघालेली माणसं बसतात तशी, आणि त्या खोलीत ती कधी अशी बसलेली त्याने पाहिली नव्हती. टॅक्सी येईलच, ती म्हणाली. जारवाल्याला सांगितलंय, आजोबांचे थेंब समोरची नर्स घालेल, शेजाऱ्यांनी ठेवलेल्या किल्ल्या कुणाच्या कुठल्या ते दाराला चिकटवून ठेवलंय. मग म्हणाली, "दुपारभर समोर बसला होतात. कामात असाल म्हणून हाक मारली नाही."

त्याने आठवडाभर जुळवलेलं वाक्य शोधलं. ते कुठेच नव्हतं. तोंडातून निघालं ते खात्यातलं निघालं.

"वहिनी, मी तुला गृहीत धरलं गं. इतकी वर्षं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग?"

"मग काय. धरायला नको होतं."

"कुणी सांगितलं?" ती म्हणाली. पर्सच्या पट्ट्याशी तिची बोटं चाळा करत होती. "मी तुमच्या घरात आले ना भाऊजी, तेव्हा सगळे माझ्याशी इतकं जपून वागायचे. मामंजींना पाणी दिलं की म्हणायचे, कशाला त्रास घेतलास. तुमचे दादा स्वतःच्या खोलीत दार वाजवून यायचे. वाईट कुणीच नव्हतं हो. घरात बाई नव्हती, बाईशी कसं वागायचं तेच विसरले होते. मला रोज वाटायचं, मी इथे पाहुणी आहे, कधीतरी कुणीतरी म्हणेल, बरं झालं आलात, आता या. आणि एक दिवस तुम्ही शाळेतून आलात, दप्तर टाकलंत, आणि मी कुठे आहे, घरात आहे का नाही, हे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून ओरडलात, 'वहिनी, भूक लागली.' मी मागे कपडे वाळत घालत होते. हातातलं तसंच टाकून धावले. तुम्हाला आठवणार नाही."

त्याला खरंच आठवत नव्हतं.

"त्या दिवशी मी घरातली झाले," वहिनी म्हणाली. "तुम्ही मला धरलंत म्हणून. सांगायचं राहूनच गेलं बघा तुम्हाला. पण तुम्हाला तरी काय सांगायचं, तुम्ही घरचे."

बाहेर टॅक्सी थांबल्याचा आवाज आला आणि हॉर्न वाजला. वहिनी उठली, शाल सारखी केली, आणि तो बॅग उचलेल म्हणून बाजूला झाली. त्याने बॅग उचलली नाही. तो समोरच्या खुर्चीत बसला, ऐसपैस, पाठ टेकून, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट काढला, दुसरा काढला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "भूक लागली."

 पर्स खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला, मग तिची पावलं, झपझप, आत जाणारी, आणि स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण उघडल्याचा. टॅक्सीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. तो जागचा हलला नाही.